आकडा नको, हिशेब द्या



बेणे वाटपाच्या वेळी मी आजवर तयार आकडा सांगत आलो. परवा भोरकडच्या एका बांधावर सातवीतल्या पोराने विचारले, "साहेब, इतकंच बेणं का?" मला उत्तर देता येईना. आकडा पाठ होता, हिशेब नव्हता.

मग दोघांनी मिळून काठीने मातीत मांडला. गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. सरी चार फुटी, म्हणजे गुंठ्यात सरीची लांबी सुमारे २७२ फूट. फुटाला एक डोळ्याची एक टिपरी धरली, तर दहा गुंठ्यांना २७२२. लगेच पोरगं म्हणालं, "अन् नांग्या पडल्या तर?" खरे गणित इथून सुरू होते!

पाढे पाठ हवेतच. पण शाळेत आधी असा प्रश्न यावा, पोरांनी धडपडावे, रीत मागून सांगावी. वेल्ह्याकडे उसाऐवजी भाताचे खाचर घ्यावे. गुरुजींनी बोलावले तर मी टेप घेऊन येईन.

काट्याची पावती, खताची मात्रा, कर्जाचे व्याज ज्याला स्वतः ताडून पाहता येते, त्याला फसवणे सोपे नाही. यापुढे मीही सभासदांना नुसता आकडा सांगणार नाही. बांधावर बसून हिशेब मांडीन.