खाट मिळते, चालणे कोण शिकवणार?

वणी / प्रतिनिधी

मेंदूत शिरलेल्या परजीवीवर औषधे उपलब्ध आहेत. मात्र त्या आजारातून वाचलेल्या ज्येष्ठ रुग्णाला पुन्हा पायांवर उभे करण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य योजनांमध्ये अपुरेच आहे.

न्यूरोसिस्टिसर्कोसिस हा अशा आजारांपैकी प्रमुख. डुकरातील फीतकृमीची अंडी दूषित अन्न, पाणी वा अस्वच्छ हातांवाटे पोटात जातात आणि अळ्या मेंदूत कोष करून राहतात. त्यामुळे शाकाहारी व्यक्तीही त्यातून सुटत नाही. फिट येणे हे मुख्य लक्षण. काहींना एका बाजूची अशक्तता येते वा तोल जातो. औषधाने कोष मरू लागले की सूज वाढू शकते, म्हणून स्टेरॉइड द्यावी लागतात. ती दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, हाडे ठिसूळ होतात. फिट रोखणाऱ्या काही औषधांनीही तोल बिघडतो. साठीपुढच्या रुग्णाला त्यामुळे आजाराइतकीच पडण्याची भीती असते.

येथे फिजिओथेरपीचे महत्त्व आहे. सांधे आखडू न देणे, कुशीवर वळणे, आधाराविना खुर्चीतून उठणे, तोल सावरणे आणि मग चालणे, असा हा क्रम असतो. मेंदूचा शाबूत भाग सरावाने नवी कामे शिकतो. पण हा सराव काही आठवडे ते महिने सातत्याने करावा लागतो.

नेमकी येथेच व्यवस्था तोकडी पडते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. सुटी झाल्यावरचा खर्च पंधरा दिवसांपुरताच धरला जातो. पुढची बाह्यरुग्ण फिजिओथेरपी कुटुंबाच्या खिशातून होते.

कोळसा खाणींचा वणी तालुका जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून शंभर किलोमीटरहून दूर. आठवड्यातून तीनदा तेथे जायचे, तर रुग्णासोबत आणखी एकाची मजुरी बुडते.

२०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांसाठी बाह्यरुग्ण विभाग आणि पुनर्वसन कार्यकर्त्याच्या गृहभेटी यांची तरतूद तालुका पातळीवरील रुग्णालयांसाठी आहे. नवी योजना आखण्याआधी हीच तरतूद अमलात आणणे, फिजिओथेरपिस्टची पदे भरणे आणि घरच्यांना व्यायाम शिकवूनच रुग्णाला सुटी देणे, एवढे तरी व्हायला हवे. अन्यथा मेंदू वाचेल, माणूस मात्र खाटेवरच राहील.