मानेचं ऑपरेशन झालं, पुढच्या दहा वर्षांचं काय?

मंडळी, खडकीत आपण रस्ते, पाणी, टॅक्स यावर रोज भांडतो. आज जरा मानेतल्या रक्तवाहिनीवर बोलू.

आमच्या आळीतले एक काका, फॅक्टरीतून रिटायर झालेले. एका सकाळी उजव्या हातातून चहाचा कप निसटला, बोलणं अडखळलं. दहा मिनिटांत सगळं ठीक. घरचे म्हणाले, पित्त असेल. मुलीने ऐकलं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. तपासणीत कळलं की मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली डावी वाहिनी चरबीच्या थराने अरुंद झालीय. आठवड्याभरात ऑपरेशन झालं, पेढे वाटले.

परवा तेच काका कट्ट्यावर भेटले. हातात तंबाखूची पुडी. बीपीची गोळी बंद. म्हणाले, "अरे, नळी साफ झाली, आता गोळ्या कशाला?"

इथेच आपलं चुकतं. ऑपरेशनने साफ होतो तो वाहिनीचा एक तुकडा. थर साठवणारा आजार अंगभर असतो. दुसऱ्या बाजूची मान, हृदय, पाय, सगळीकडे.

ऑपरेशन निरुपयोगी आहे असं अजिबात म्हणत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल 1991 साली आला. लक्षणं दिसलेल्या आणि वाहिनी 70 टक्क्यांहून जास्त अरुंद झालेल्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर असलेल्या 100 पैकी 26 जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ऑपरेशन झालेल्यांत 9 जणांना. फरक मोठा आहे. आणि लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर फायदा सर्वात जास्त.

पण ज्यांना लक्षणंच नाहीत, नुसत्या तपासणीत सापडलं, त्यांचं गणित वेगळं. 3120 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे दहा वर्षांचे आकडे 2010 साली छापून आले. लगेच ऑपरेशन केलेल्यांत, ऑपरेशनचा धोका धरून, 13.4 टक्क्यांना स्ट्रोक आला किंवा ऑपरेशनच्या वेळी मृत्यू झाला. ऑपरेशन पुढे ढकललेल्यांत हेच प्रमाण 17.9 टक्के. म्हणजे फायदा आहे, पण ऑपरेशननंतरही शंभरातले तेरा जण सुटले नाहीत. ऑपरेशनचा धोकाच साधारण 3 टक्के होता. म्हणून अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "तुमच्याकडे शंभरात किती जणांना त्रास झाला?" विचारणं हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

आता मुद्द्याचं. ऑपरेशनच्या बिलासाठी कोणाला ईसीएचएस, कोणाला सीजीएचएस, कोणाला फुले योजना. धावपळ तिथेच संपते. पण पाच वर्षांनी तो माणूस गोळी घेतो का, बीपी किती, तंबाखू सुटली का, हे कोण विचारतं? कोणीच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. खडकीत लष्कर आणि फॅक्टऱ्यांतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. आपल्या कॅन्टोन्मेंटच्या हॉस्पिटलात अशा रुग्णांचं एक रजिस्टर ठेवा. तीन महिन्यांनी बीपी-शुगर, गोळ्या चुकू नयेत म्हणून एक फोन, तंबाखू सोडायला मदत. याला करोडोंचं मशीन लागत नाही, एक वही आणि एक नर्सताई पुरे. नागरी भाग महापालिकेत जाण्याची चर्चा चालू आहे. त्या चर्चेत ही वही कोण सांभाळणार, हेही विचारूया.

तोवर आपलं काम. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ बघा आणि 108 लावा. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

काकांना मी हे सगळं सांगितलं. पुडी अजून खिशातच आहे, पण गोळी परत सुरू झालीय. तुमच्या घरात असे काका असतील तर आजच त्यांचा गोळ्यांचा डबा बघा.