जुनी गाडी तेल गाळणारच?

वऱ्हाडात जुनी गाडी दारात उभी असली की तिच्याखाली एक काळा डाग असतो, आणि त्या डागावर ठरलेलं वाक्य असतं, "जुनी गाडी हाय भाऊ, तेल त गळनच!" अकोल्यात ऐका की अमरावतीत, शब्द तेच. मला हे अजिबात पटत नाही. कारण त्यापुढचं वाक्य बहुतेक वेळा "इकून टाका" हे असतं.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला परदेशी एमजी किंवा ट्रायम्फ आठवते. आपल्याकडे ती हौस बरीचशी भागवली ती कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटने, म्हणजेच पुढच्या प्रीमियर पद्मिनीने. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, पण हौशी लोक ते ट्यून करून मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीत पळवायचे. असं इंजिन केवळ वय झालं म्हणून गळत नाही. गळायला कारण लागतं.

आपल्या धंद्यातली मंडळी हे लगेच समजतील. प्रोग्राम ज्या ओळीवर कोसळतो, चूक त्याच ओळीत असेल असं नाही. तेलाचंही तसंच. वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेला थेंब ओघळत आणि वाऱ्याने मागे सरकत चेंबरखाली टपकतो. आपण खालचं पॅकिंग बदलतो, आणि आठवड्याने डाग पुन्हा हजर! म्हणून आधी इंजिन रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करावं, वाळवावं, सांध्यांवर टाल्कम पावडर मारावी, गरम होईपर्यंत चालवावं आणि बंद करून टॉर्च घेऊन बघावं. सगळ्यात वरची ओली जागा, तीच खरी.

मग तिथे सिलिकॉन थापायचं का? ते म्हणजे एरर गिळून टाकणारा कोड. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतं. तेलच वर चढलं नाही तर बेअरिंग जातात. नट करकचून आवळले तर कॉर्कचं पॅकिंग चिरडतं, पत्र्याचं कव्हर वाकतं, आणि गळती वाढते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रीदर. तो चोंदला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि तेल सगळ्यात कमकुवत सांध्यातून बाहेर पडतं. अशा वेळी दहा पॅकिंग बदला, उपयोग शून्य. आधी ब्रीदर साफ करा, नंतर रिंगांची चौकशी.

काही गळती मूळ रचनेतच असते, हेही खरं. १९५५ ते १९६२ दरम्यान बनलेल्या एमजीएमध्ये क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवरचे आटे फिरताना तेल आत ढकलायचे. इंजिन थांबलं की चार थेंब पडणारच. पण कुठले थेंब रचनेतले आणि कुठले हयगयीचे, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता ज्या काही पद्मिनी उरल्या आहेत त्या हौशी लोकांकडे नाहीतर कुणाच्या आजोबांच्या पोर्चमध्ये. तुमच्याही घरी असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक रविवार तिला द्या. रॉकेल, ब्रश, पावडर आणि टॉर्च, एवढंच लागतं.