विहार बांधून झाले, कुलूपही लावून झाले



आपल्या वस्तीतले विहार म्हणजे देऊळ आहे काय, असा प्रश्न विचारला की दोन तऱ्हेची माणसे चिडतात. एकांना वाटते, आम्ही तथागतांचा अपमान करतो आहोत. दुसरे म्हणतात, विहाराची गरजच काय, धम्म मनात असला म्हणजे झाले. आम्हाला दोघांशीही भांडायचे आहे. पहिल्यांशी जरा जास्त.

देऊळ कशाने देऊळ होते? दगडाने नाही, कळसानेही नाही. आत एक शक्ती बसली आहे, ती नवसाला पावते, तिच्यापर्यंत पोहोचायला मध्ये कोणीतरी लागतो आणि कोणी किती जवळ यायचे हे तो मधला ठरवतो. ही व्यवस्था म्हणजे देऊळ. आता आपल्या विहारात डोकावून बघा. मूर्तीच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'प्राणप्रतिष्ठा' छापलेले आम्ही वाचले आहे. कोणाचा प्राण, आणि कशात घालणार? मुलगा पास व्हावा म्हणून मूर्तीपुढे बोललेले नवस आम्ही ऐकले आहेत. शेजारच्या वस्तीत पाच फुटांची मूर्ती आली म्हणून आपल्याकडे सात फुटांची हवी, अशा वर्गण्या आम्हीही भरल्या आहेत. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हे बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण मोठ्याने म्हणतो. पण अवतार नाकारून वागणूक मात्र देवाचीच द्यायची असेल, तर ब्राह्मणी व्यवस्थेला आणखी काय पाहिजे?

लगेच कोणीतरी देहूरोडचा दाखला देईल. बरोबर आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. म्हणून मूर्तीच नको म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. दिवसभर मोलमजुरी करून आलेली आमची आई पांढरी साडी नेसून मूर्तीपुढे पाच मिनिटे शांत बसते, तिला 'ही अंधश्रद्धा' म्हणून हिणवणारा पोरगा आम्हाला आंबेडकरवादी वाटत नाही. पण बाबासाहेबांच्या कामाचा क्रमही बघा. 1946 साली त्यांनी मुंबईत महाविद्यालय काढले, नाव दिले सिद्धार्थ. औरंगाबादला काढले, नाव दिले मिलिंद, परिसराचे नाव नागसेनवन. बुद्धाचे नाव त्यांनी आधी कॉलेजच्या पाटीवर लिहिले, मूर्ती नंतर बसवली. दीक्षाभूमीचेही तसेच. तिथे डॉ. आंबेडकर महाविद्यालय 1964 साली सुरू झाले. स्तूपाचे काम 1978 साली निघाले आणि स्तूप खुला झाला 2001 साली. म्हणजे आमची पोरे तिथे पदव्या घेत होती तेव्हा घुमट उभाही राहिला नव्हता.

काळारामाचे काय, असेही विचारले जाते. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे रेटला, लोकांनी डोकी फोडून घेतली. ते रामाच्या दर्शनासाठी होते काय? 1934 साली दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी साफ सांगितले की, मूर्तिपूजक होण्यासाठी हा लढा नव्हता, आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. त्याआधी 1933 साली मंदिरप्रवेशाचे विधेयक आले, गांधीजींना पाठिंबा हवा होता, तेव्हाही बाबासाहेबांनी तो दिला नाही. दार उघडण्याचा हक्क वेगळा आणि आतल्या देवापुढे लोटांगण वेगळे. बोधगयेचा लढाही याच न्यायाने समजून घ्या. 1949 च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू बसवले, वर जिल्हाधिकारी अध्यक्ष; तोही हिंदूच असावा ही अट 2013 पर्यंत कायद्यात होती. ज्यांचे स्थळ त्यांच्या हाती कारभार नाही, हा अन्याय आहे, आणि त्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरू. पण उद्या कारभार हाती आला आणि आपणच तिथे पावत्या फाडत बसलो, तर महंत गेला आणि आपण महंत झालो, एवढेच होईल.

आता नाशिकचेच दुसरे ठिकाण घेऊ. काळारामापासून फार लांब नाही. त्रिरश्मी लेण्यात, लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तिथे (पांडवांचा काय संबंध, ते विचारू नका), उषवदाताचा लेख कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापण ठेव ठेवली, तीही राजाच्या खजिन्यात नाही, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. गणित करून बघा, बरोबर बसते. हाच उषवदात ब्राह्मणांना गायी आणि गावेही देत होता, तेही तिथेच कोरलेले आहे, तेव्हा आम्ही त्याचे भक्त नाही. पण दानाचा हिशेब त्याने कातळात कोरला. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता यावा असा. आपल्या विहाराच्या दानपेटीचा हिशेब कुठे लावलेला असतो? साध्या कागदावर तरी?

आणि विहार हा शब्द तरी आपण कुठे जपला? विहार म्हणजे भिक्खूंनी राहण्याची, शिकण्या-शिकवण्याची जागा. वंदनेची जागा चैत्य, तिथे स्तूप. अजिंठ्याच्या 9 आणि 10 क्रमांकाच्या जुन्या चैत्यात स्तूप आहे, त्यावर कोरलेली बुद्धमूर्ती नाही. ती नंतरच्या 19 आणि 26 मध्ये येते. कार्ल्याच्या चैत्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यात धेनुकाकटचे यवन आहेत, आणि त्याच लेण्यात सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही नाव आहे. जात विचारून दान घेतलेले नव्हते. मग ही स्थळे ओस पडली आणि काय झाले? लेण्याद्रीला विहाराच्या लेण्यात गणपती बसला आणि तो अष्टविनायकांतला एक झाला. शिकणारा उठून गेला की जागा मोकळी राहत नाही. तिथे पूजा येऊन बसते.

आपल्या वस्तीत हेच सुरू आहे, फक्त पूजा करणारे आपणच आहोत. रविवारची वंदना झाली, पौर्णिमेला खीर वाटली, की कुलूप. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा नाही, ती रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा पैसे भरून खाजगी अभ्यासिकेत. आणि वस्तीतला सगळ्यात मोठा, पंखे लावलेला, फरशी बसवलेला हॉल सहा दिवस बंद. चोरी होईल, मूर्तीचा मान राखला जाणार नाही, असे समितीचे म्हणणे. तथागत स्वतः धुळीच्या रस्त्यांवरून पंचेचाळीस वर्षे चालले, त्यांचा मान पोरांच्या वह्यांनी कमी होतो म्हणे!

6 डिसेंबरला चैत्यभूमीला येणारी आमची माणसे परतताना अंगारा नेत नाहीत, पुस्तके नेतात. हे दृश्य देशात दुसऱ्या कुठल्या यात्रेत आहे? समाजाला कळते. अडले आहे ते समित्यांपाशी.

म्हणून तरुणांनो, आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' याचे वाचन बहुतेक विहारांत होतेच. त्याच दिवशी दानपेटीचा वर्षाचा हिशेब दाराला लावा म्हणून अर्ज द्या. वाचनानंतर रात्री अकरापर्यंत हॉल अभ्यासाला खुला ठेवा म्हणा, आणि कुलपाची एक चावी तिथे अभ्यासाला बसणाऱ्या मुलींकडे द्यायला लावा. समितीची हरकत असेल, तर ती लेखी मागा.