चिठ्ठी कोण लिहितो?

अमेरिकेतील हजारो शाळांत एक छापील चिठ्ठी वापरली जाते. एखाद्या मुलाचे वर्तन शिक्षकाला असह्य झाले की तो ती भरतो आणि मुलाची रवानगी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात होते. मुलाचे नाव, इयत्ता, वेळ, स्थळ, घडलेला प्रमाद, त्यामागचा संभाव्य हेतू आणि कार्यालयाने केलेली कारवाई अशा चौकटी तिच्यावर असतात. बहुतेक ठिकाणी नुसती खूण करायची. वाक्य लिहिण्याची वेळ क्वचितच येते. ती खूण पुढे संगणकात जाते, तिचा आलेख होतो आणि महिन्याच्या बैठकीत तो आलेख भिंतीवर झळकतो. रेघ खाली आली असेल तर शाळा सुधारली असे समजले जाते.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे प्रकरण कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की ही चिठ्ठी म्हणजे एक कथा आहे. तिला स्थळ आहे, काळ आहे, पात्रे आहेत, हेतूही आहे. निवेदक मात्र एकच आहे, आणि तो स्वतः त्या प्रसंगातला एक पक्ष आहे. अशी कथा आपण वर्गात शिकवायला घेतली तर पहिला प्रश्न निवेदकाच्या विश्वासार्हतेचा काढू. येथे ती कथा कोणी वाचतच नाही. ती मोजली जाते. आमचे भांडण त्या मोजण्याशी आहे.

ज्या योजनेचे मूल्यमापन या चिठ्ठ्यांवरून होते तिला ‘स्कूलवाइड पॉझिटिव्ह बिहेव्हियर सपोर्ट’ म्हणतात. आपण तिला शाळाव्यापी सकारात्मक वर्तन-साहाय्य म्हणू. १९९७ साली अमेरिकेच्या अपंग मुलांच्या शिक्षणविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षेऐवजी सकारात्मक उपायांचा विचार करावा, असे तेथे शब्दांत आले. ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज शुगाई आणि रॉबर्ट हॉर्नर यांनी त्या विचाराला संघटित रूप दिले. आज पंचवीस हजारांहून अधिक अमेरिकी शाळा ही योजना राबवतात. भिंतींवर तीन ते पाच अपेक्षा रंगवलेल्या असतात: सुरक्षित राहा, आदराने वागा, जबाबदारी घ्या. त्या अपेक्षा गणितासारख्या शिकवल्या जातात. नीट वागणाऱ्याला कौतुकाचे कूपन मिळते. सारी मुले एका त्रिकोणात बसवली जातात. वर्षभरात शून्य किंवा एक चिठ्ठी मिळालेले मूल हिरव्या पट्ट्यात, दोन ते पाच मिळालेले पिवळ्यात आणि सहा किंवा त्याहून अधिक मिळालेले तांबड्या टोकाशी.

या योजनेचा जन्म कोणत्या गोष्टीला पर्याय म्हणून झाला हे विसरणे अन्यायाचे होईल. १९९४ च्या शस्त्रबंदीच्या कायद्यानंतर अमेरिकेत ‘शून्य सहिष्णुते’चे पर्व आले आणि क्षुल्लक कारणांसाठी मुले शाळेबाहेर काढली जाऊ लागली. छडीबद्दल बोलायचे तर १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील मार राज्यघटनेला बाधक नाही असा निर्वाळा दिला, आणि आजही डझनाहून अधिक राज्यांत तो कायद्याने वर्ज्य नाही. छडी आणि हकालपट्टी यांच्या तुलनेत कूपन वाटणारा शिक्षक आम्हाला केव्हाही प्रिय. कूपनामागे स्किनरचे कबूतर उभे आहे हा आक्षेप जुना आहे, तो आम्ही येथे उगाळत नाही.

आमचा आक्षेप पुराव्याला आहे. योजनेचे पुरस्कर्ते ‘आकड्यांवर आधारित निर्णय’ हा शब्दप्रयोग मोठ्या अभिमानाने करतात. चिठ्ठ्या किती आल्या, कशाबद्दल, कुठे, केव्हा आणि कोणाच्या, या पाच प्रश्नांची उत्तरे संगणक क्षणात देतो. भोजनगृहात दुपारी बारा वाजता चिठ्ठ्या वाढतात असे दिसले तर तेथे आणखी एक शिक्षक उभा करावा, हे शहाणपणाचेच आहे. गर्दी कुठे होते हे आकडा सांगू शकतो. मात्र तोच आकडा मुलांचे वर्तन सुधारल्याचा दाखला म्हणून पुढे केला जातो, तेव्हा एक साधी गोष्ट झाकली जाते: चिठ्ठी ही मुलाची कृती नव्हे, शिक्षकाची कृती आहे. चिठ्ठ्या कमी होण्याचे कारण मुले शहाणी झाली हे असू शकते. शिक्षक लिहून लिहून कंटाळले हेही असू शकते. मुख्याध्यापकांनी ‘किरकोळ प्रकरणे वर पाठवू नका’ असे खासगीत सांगितले हेही असू शकते. तिन्ही प्रसंगी रेघ सारखीच खाली येते. एखाद्या मापावर निर्णय अवलंबून राहू लागले की ते मापच भ्रष्ट होऊ लागते, हे डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ सालीच सांगून ठेवले आहे. शाळांना ते ठाऊक नसेल असे नाही.

योजना नीट राबवली की नाही हे तपासण्याच्या मापालाही पुरस्कर्त्यांनी ‘फिडेलिटी’ असे नाव दिले आहे. फिडेलिटी म्हणजे निष्ठा! एका सूचीत सत्तर टक्के गुण मिळाले की निष्ठा सिद्ध होते, आणि ही सूची शाळेचाच चमू भरतो, बहुधा बाहेरच्या प्रशिक्षकाच्या साहाय्याने. विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका शेजारी कोणाला बसवून तपासावी, तसे हे झाले.

पण खरी मेख शब्दांत आहे. इंडियाना विद्यापीठातील रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एका मोठ्या शहरातील एकोणीस माध्यमिक शाळांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोऱ्या मुलांना कोणत्या कारणांसाठी अधिक वेळा कार्यालयात पाठवले गेले? धूम्रपान, परवानगीवाचून निघून जाणे, मोडतोड, अश्लील भाषा. आणि काळ्या मुलांना? अनादर, अतिरिक्त गोंगाट, धमकी, रेंगाळणे. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात अशी आमची वाचकांना विनंती आहे. पहिल्या यादीतील बहुतेक गोष्टींची खातरजमा त्रयस्थ माणूस करू शकतो: सिगारेट पेटली होती किंवा नव्हती, काच फुटली किंवा फुटली नाही. दुसरी यादी मात्र बहुतांशी पाहणाऱ्याच्या मनात घडते. गोंगाट ‘अतिरिक्त’ केव्हा होतो? उभे राहणे संपून ‘रेंगाळणे’ कोठे सुरू होते? पहिली यादी नामांची आहे, दुसरी नामाचा वेष घेतलेल्या विशेषणांची.

याच संशोधकांनी २०११ साली या योजनेच्याच संगणकप्रणालीतील, २००५-०६ या वर्षाच्या, ३६४ शाळांच्या नोंदी तपासल्या. काळ्या मुलाला कार्यालयात धाडले जाण्याची शक्यता गोऱ्या मुलाच्या तुलनेत प्राथमिक शाळेत २.१९ पट आणि माध्यमिक शाळेत ३.७८ पट निघाली. येथे एक प्रांजळ कबुली दिली पाहिजे: चिठ्ठ्या मोजल्या गेल्या नसत्या तर हे उघडकीला आले नसते. आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आम्ही प्रतिपक्षाच्या भांडारातून उचलला आहे. यावर पुरस्कर्ते म्हणतात, मग आम्ही आकडे वंशवार फोडून पाहतो. अवश्य पाहावेत. पण फोडलेल्या आकड्याच्या मुळाशीही ‘अनादर’ हाच शब्द राहतो. त्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रमादाची व्याख्या आहे. परंतु अनादराची व्याख्या करताना ‘उर्मट’सारख्या दुसऱ्या विशेषणाचाच हात धरावा लागतो. कोशकार जेव्हा प्रतिशब्दापुढे प्रतिशब्द ठेवून मोकळा होतो, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

शब्दाचे वजन केवढे असते याचा प्रयोग कॅलिफोर्नियाने जाहीरपणे करून दाखवला. तेथील कायद्यात ‘हेतुपुरस्सर अवज्ञा’ असे निलंबनाचे एक कारण होते. २०११-१२ मध्ये राज्यातील जवळजवळ निम्मी निलंबने या एका शब्दप्रयोगाखाली झाली. मे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळाने त्या कारणासाठी निलंबन बंद केले. २०१४ च्या कायद्याने राज्यभर तिसरीपर्यंतच्या मुलांना ते संरक्षण मिळाले, २०१९ च्या कायद्याने वरच्या इयत्तांना, आणि २०२३ च्या कायद्याने बारावीपर्यंत. निलंबनांचा आकडा अर्थातच घसरला. मुले बदलली होती काय? बदलला तो कायद्यातील शब्द. म्हणूनच या घसरणीलाही आम्ही सुधारणेचा पुरावा मानणार नाही. तो मान आम्ही प्रतिपक्षाला नाकारतो, तेव्हा स्वतःसाठी घेता येत नाही. पण जी मुले त्या दिवशी घरी न जाता वर्गात बसली, त्यांच्यासाठी तो शब्द जाणे पुरेसे होते.

मेरीलँडच्या प्रयोगाची आठवण आम्हाला करून दिली जाईल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कॅथरिन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी ३७ प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकून विभागल्या, पाच वर्षे पाहिले, आणि योजना राबवणाऱ्या शाळांत निलंबने व कार्यालयीन चिठ्ठ्या कमी झाल्याचे दाखवले. हे काम कष्टाचे आहे आणि त्याला आम्ही हसणार नाही. परंतु या योजनेत शिक्षकांनाच शिकवले जाते की कोणते प्रकरण वर्गात मिटवावे आणि कोणते कार्यालयात न्यावे. ज्याला चिठ्ठी कमी लिहायला शिकवले त्याने चिठ्ठी कमी लिहिली, हे निष्पन्न झाले. यात मुलाचे हितच असेल. पण त्याला शिक्षकाच्या वर्तनातील सुधारणा असे सरळ नाव का देऊ नये?

आपल्याकडच्या वाचकांनी दुरून गंमत पाहू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करणे शिक्षकांच्या वाट्याला आले. हेतू उदात्त होता. लवकरच बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि ‘इतरांशी आदराने वागतो’ हे वाक्य साठ मुलांच्या नावापुढे एकाच शाईत उतरले. कामाच्या ओझ्याने वाकलेल्या शिक्षकाला आम्ही दोष देत नाही. पण भाषा शिकवणारे आपण, मुलाविषयी लिहिलेले वाक्य खरे आहे की नाही हे विचारायला आपण तरी कधी गेलो?

आमची मागणी अल्प आहे. चिठ्ठ्या मोजायच्याच असतील तर त्या लिहिणाऱ्याप्रमाणेही मोजाव्यात. एका शाळेतील निम्म्या चिठ्ठ्या दोनच हातांनी लिहिल्या असतील तर त्रिकोणात त्या हातांनाही जागा मिळावी. विशेषणांच्या चौकटी रद्द करून काय घडले ते एका वाक्यात लिहायला लावावे. आणि त्याच कागदावर मुलासाठी दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात.

कारण चिठ्ठीवरची ती हेतूची चौकट आमच्या मनातून जात नाही. सवंगड्यांचे लक्ष वेधणे, मोठ्यांचे लक्ष वेधणे, एखादी वस्तू मिळवणे, काम टाळणे, सवंगड्यांना टाळणे, मोठ्यांना टाळणे, आणि शेवटी ‘माहीत नाही’. हॅम्लेटच्या हेतूवर चारशे वर्षे वाद चालू आहे. येथे शिक्षकाने तास सुटण्याआधी खूण करायची आहे. शिक्षक चुकीचे बोलले म्हणून मुलाने उत्तर दिले, अशी चौकट त्या यादीत नाही.