फॉर्म भरला, पुढे काय?

फ्रीमेसन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना रील्समधूनच माहीत आहे. गुप्त खुणा, अंधारी खोली आणि जगावर राज्य करणारे दहा-बारा म्हातारे! पण भो, एवढी सत्ता असती तर त्यांना सदस्य कमी पडले असते का?

खरी गोष्ट साधी आहे. ही एक जुनी बंधुसंघटना. तिची पहिली ग्रँड लॉज १७१७ साली लंडनमध्ये सुरू झाली. लॉज म्हणजे शाखा. भारताची स्वतःची ग्रँड लॉज १९६१ पासून आहे. लॉजमध्ये राजकारण आणि धर्मावर वाद घालायचा नाही, दानधर्म करायचा आणि एकमेकांना धरून राहायचं. अमेरिकेत १९५९ मध्ये यांचे ४१ लाखांच्या आसपास सदस्य होते. आता ते ९ लाखांच्याही आत आलेत. ‘आम्ही कुणाला बोलवत नाही, ज्याला यायचं त्यानं विचारावं’ ही त्यांची जुनी रीत. पण इंग्लंडच्या मेसन मंडळींनी २००५ मध्ये खास योजना आखून विद्यापीठांशी लॉज जोडायला सुरुवात केली. म्हणजे तेही आता तुमच्या-माझ्या वयाची पोरं शोधतायत.

पोरं म्हणजे मुलगे, बरं का. प्रवेशासाठी वय साधारण २१ लागतं. मी २२ वर्षांची, पण मुलगी असल्यामुळे भारताच्या ग्रँड लॉजमध्ये मला प्रवेश नाही. दार बंद असण्याचा अनुभव आपल्या लोकांनीही घेतलाय. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजमध्ये घेतलं नाही, तेव्हा ते पॅरिसमध्ये मेसन झाले. मग १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली, ती भारतीयांना घेण्यासाठीच. याच माणेकजींनी पुढे १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. दार उघडल्याशिवाय माणसं वाढत नाहीत, हे त्यांना नीट कळलं असावं.

जळगाव-धुळ्यात बसून हे सगळं कशाला सांगतेय? कारण आपल्याकडच्या क्लबांचं दुखणंही असंच आहे. रोटरीसारख्या मोठ्या संस्थेनं १९८९ मध्ये महिलांना दार उघडलं. तरी गेली कितीतरी वर्षं तिची जगभरातली सदस्यसंख्या १२ लाखांच्या आसपासच घुटमळतेय. नवे येतात, तेवढेच निघून जातात.

का जातात, हे मी स्वतः पाहिलंय. एफवायला असताना मीही एका क्लबचा फॉर्म भरला होता. फी भरली, बॅज मिळाला, स्टेजवर फोटो झाला. त्यानंतर मीटिंग रात्री आठला, हॉटेलात. माझ्या गावची शेवटची एसटी साडेसातची. दोनदा विचारलं, ‘मीटिंग पाचला घेता येईल का?’ उत्तर आलं, ‘बघू.’ तिसऱ्या वेळी मी विचारलं नाही आणि मी येत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. यादीत मात्र माझं नाव वर्षभर होतं. वार्षिक अहवालातली ‘सदस्यवाढ’ ती हीच!

आमच्या सरांच्या पिढीचं मत ठरलेलं असतं, ‘आजच्या मुलांना मोबाइल सोडवत नाही.’ मग गणपती मंडळात हीच मुलं रात्री दोन वाजेपर्यंत मांडव कशी बांधतात? तिथं आठवीतल्या पोराच्याही हातात पहिल्या दिवशी वर्गणीचं पुस्तक देतात. एक दिवस तो आला नाही तर कुणीतरी घरी हाक मारायला जातं. काम आणि हाक, एवढ्यावर मंडळ टिकतं. अर्थात तिथंही मांडवात मुली किती दिसतात, हा प्रश्न आहेच.

म्हणून ज्यांना ‘युथ’ हवेत त्या सगळ्या संस्थांना माझं सांगणं आहे. मीटिंग शेवटच्या एसटीच्या आधी संपवा. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक खरं काम द्या आणि त्याची विचारपूस करणारा एक जुना सदस्य नेमा. वर्षाअखेरीस किती आले ते मोजू नका, किती राहिले ते मोजा.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपणही काही कमी नाही. सर्टिफिकेटपुरते येतो, ग्रुप म्यूट करतो आणि ‘तिथं काही होत नाही’ म्हणून मोकळे होतो. यंदा कॉलेजात नावनोंदणीची टेबलं लागली की फॉर्म भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मीटिंग किती वाजता? माझं पहिलं काम कोणतं? गेल्या वर्षी आलेल्यांपैकी आज किती जण आहेत? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्यानं खरंच वही उघडली, तर बिनधास्त नाव लिहा. आणि पुढच्या मीटिंगला जा.