गंज घासण्याआधी

नोव्हेंबर २०१४. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वीय पाहणी चालू होती. एका ज्युनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली रायफल कर्मचाऱ्यांच्या नजरेला पडली. दस्त्याचं लाकूड ऊनपावसाने राखाडी होऊन तडकलेलं, तळ मातीत रुतलेला, नळी गंजून तपकिरी. झाडाची साल कुठे संपते आणि रायफल कुठे सुरू होते हे चटकन कळू नये, इतकी ती त्या जागेची झाली होती. विंचेस्टर कंपनीचं ते १८७३ चं मॉडेल. अनुक्रमांकावरून कळलं की ती १८८२ साली बनली. तिथे ती कोणी टेकवली आणि घ्यायला परत का आला नाही, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

वायोमिंगमधल्या कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयात तिला नेलं. तिथल्या जाणकारांनी ना सँडपेपर हातात घेतला, ना पॉलिशची बाटली उघडली. लाकडाचे पापुद्रे आणखी गळू नयेत एवढ्यापुरतं चिकटद्रव्य लावलं. आत गोळी अडकली आहे का हे पाहायला गावातल्या इस्पितळात तिचा एक्स-रे काढला. नळी रिकामी निघाली. पण दस्त्याच्या पोकळीत, जिथे सफाईचं सामान ठेवायची सोय असते, तिथे एक काडतूस दिसलं. ते १८८७ ते १९११ या काळात बनलेलं. म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर निदान पाच वर्षं तरी ती कोणाच्या तरी वापरात होती. हीच रायफल एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागून तिला अक्रोडाचा कोरा दस्ता आणि निळसर काळा मुलामा मिळाला असता, तर काय उरलं असतं? सात लाखांवर बनलेल्या एका मॉडेलचा आणखी एक नग.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळाला गुलाबी ऑइलपेंट आठवतो. बंदुकांच्या दुनियेतही हा रोग आहे, फक्त रंग वेगळा. आणि तरफेच्या जुन्या रायफलींना तो जास्त लागतो, कारण सिनेमांनी त्यांना चमकायची सवय लावून ठेवली आहे. अशी रायफल दुरुस्त करू नये असं नाही. मात्र दुरुस्ती आतल्या यंत्रापुरती असावी. बाहेरच्या कातडीला हात लावू नये.

उदाहरण म्हणून विंचेस्टरचंच १८७६ चं मॉडेल घ्या. फिलाडेल्फियात अमेरिकेच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं, त्या वर्षी ही रायफल पुढे आली. चापाभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ओढली की रिकामं टोपण बाहेर फेकलं जातं आणि घोडा चढतो. वर घेतली की नवं काडतूस नळीत बसतं आणि आतली दुमडणारी सांधेजोड ताठ गुडघ्यासारखी कुलूप लावते. रचना १८७३ च्या मॉडेलचीच, फक्त अंगाने थोराड. तरी लष्कराचं लांब .४५-७० काडतूस या यंत्रात मावेना. मग कंपनीने आखूड पण पोटाने फुगीर असं नवं काडतूस काढलं, .४५-७५. आत ७५ ग्रेन काळी दारू आणि पुढे ३५० ग्रेनची गोळी, म्हणजे जवळजवळ दोन तोळे शिसं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट डकोटात गुरं राखत होते तेव्हा त्यांच्याकडे हीच होती. कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट घोडदळ पोलिसांनीही तिची आखूड आवृत्ती घेतली.

दहाच वर्षांत जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून उतरलेलं १८८६ चं मॉडेल आलं. त्यात .४५-७० सहज मावत होतं. मागोमाग बिनधुराची दारू आली आणि फुगीर काडतुसाची गरजच सरली. १८७६ ची रायफल १८९७ मध्ये बंद पडली, तोवर ६३,८७१ नग बनले होते. गंमत अशी, की जे मावत नव्हतं म्हणून हा सगळा खटाटोप झाला, ते .४५-७० आजही दुकानात मिळतं. त्याच्याऐवजी सोय म्हणून काढलेलं काडतूस मात्र गेलं.

म्हणून अशा रायफलीच्या दुरुस्तीची सुरुवात लोखंडापासून होत नाही, पितळापासून, म्हणजे काडतुसापासून होते. नळीवर शिक्का काय आहे यावर शहाणा कारागीर विसंबत नाही. दीडशे वर्षांत कोणीतरी आतलं काडतुसाचं घरटं बदललेलं असू शकतं, तोंड रुंदावलेलं असू शकतं. तो सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वितळवून काडतुसाच्या घरट्यात ओततो. हा धातू चहाच्या आधणापेक्षाही कमी तापमानाला वितळतो. थंड होताना तो आधी आकसतो, त्यामुळे ठसा अलगद निघतो. मग हळूहळू फुगत साधारण तासाभराने घरट्याच्या नेमक्या मापावर येतो. घाई करून आधीच माप घेतलं तर आकडा चुकतो. नळीतून शिशाची मऊ गोळी ठोकत नेऊन आतल्या पन्हळींचं मापही असंच घेतात.

मग टोपणं. .४५-७५ ची टोपणं बहुधा .३४८ विंचेस्टरच्या पितळापासून घडवतात: पितळ तापवून मऊ करायचं, कापून आखूड करायचं, मान रुंदावायची. हे .३४८ काडतूस १९३६ सालचं. त्याची रायफलही केव्हाच बंद झाली. एका विस्मृतीतल्या काडतुसाला जगवायला दुसऱ्या विस्मरणात चाललेल्या काडतुसाचं अंग कापावं लागतं, असा हा संसार. आणि आत भरायची ती काळी दारूच. बिनधुराच्या दारूचा दाब त्या काळच्या लोखंडाला पेलत नाही. अशा प्रयोगात नळी फुटते आणि माणूस जखमी होतो.

आतलं काम खरं काम आहे. मोडकी स्प्रिंग बदलणं, झिजलेल्या सांध्याची ढिलाई काढणं, नळीतली जुनी राख गरम पाण्याने धुऊन लगेच तेल फिरवणं, कारण काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद खाते. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस घासून घेणं, हेसुद्धा या कामातच मोडतं. खाच फाटलेले स्क्रू दिसले की समजावं, इथे कोणीतरी उतावळा येऊन गेला. लाल, जिवंत गंज तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने उतरवावा. त्याखालची घट्ट तपकिरी साय तशीच राहू द्यावी.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे. अमेरिकेत काही कारखाने जुन्या रायफलींना हाडांच्या कोळशात तापवून पोलादावर निळ्या-पिवळ्या रंगांच्या लहरी आणतात, अगदी कारखान्यातून निघतानाच्या. ते कसब अस्सल आहे. ज्या रायफलीचा मूळ मुलामा आधीच कोणीतरी यंत्रावर घासून उडवला आहे, तिच्यावर असं काम झालं तर कोणाचं काही जात नाही. पण हा अपवाद आहे, आणि लोक त्याचा नियम करतात. कॅनडाच्या त्या पोलिसी रायफलींच्या दस्त्यावर एनडब्ल्यूएमपी अशी अक्षरं ठोकलेली असत. दस्ता एकदा तासला की ती गेली. मग कोणी हुशार ती पुन्हा ठोकून ठेवतो, आणि बाजारात खरं-खोटं ओळखण्याची नवीच कटकट उभी राहते.

कायद्याची बाजू तर आणखी मजेदार आहे. जुनी बंदूक म्हणजे काय, याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेचा संघीय कायदा साल विचारतो: १८९८ किंवा त्याआधीची असेल तर ती पुराणवस्तू. ब्रिटनचा कायदा काडतूसही विचारतो. तिथे कालबाह्य काडतुसांची यादीच आहे, आणि २०२१ च्या नियमांत त्या यादीतून सात काडतुसं वगळली गेली, कारण गुन्हेगार जुनी पिस्तुलं घेऊन त्यांच्यासाठी गोळ्या घडवून घेत होते. कारागिराची तीच कला, हात वेगळे. भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा तिसराच प्रश्न करतो: दुरुस्त करूनसुद्धा ती चालणार नाही ना? कलम ४५ ची सूट तेवढ्याच जुन्या हत्यारांना आहे. दुरुस्तीने चालू शकत असेल तर परवाना हवाच, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही वेगळा परवाना लागतो. हा प्रश्न तिन्हींत सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो तारखेला किंवा यादीला न विचारता थेट वस्तूलाच विचारला आहे.

इथेही अशा रायफली नव्हत्या असं नाही. बंगळुरूचे केनेथ अँडरसन नरभक्षकांच्या मागे जंगलात जात ते विंचेस्टरचं १८९५ चं तरफेचं मॉडेल घेऊन, .४०५ काडतुसाचं. ते काडतूसही पुढे कंपनीने सोडून दिलं. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ते पुन्हा बनू लागलं. जुन्या संस्थानी घरांत, शिकारीच्या खोल्यांत अशा रायफली आजही निघतात, आणि घरातल्या उत्साही पोराचा पहिला विचार असतो तो ब्रासोचा.

तो विचार एक दिवस पुढे ढकलावा. आधी परवान्याचं पुस्तक शोधा. नसेल तर हत्यार हलवू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. कायद्याचं मार्गी लागलं की अनुक्रमांक वहीत उतरवा. जुन्या विंचेस्टरच्या बऱ्याच मॉडेलांचे कारखान्याचे लेख कोडीच्या संग्रहालयात आहेत आणि पत्र पाठवून ते मागवता येतात. दस्त्यावरचे ओरखडे, शिक्के, आजोबांनी खिळ्याने कोरलेली अक्षरं यांचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. ब्रासो देवघरातल्या समईसाठी राहू द्या.